कॅन लॉगमधले आकडे उलटे आले तर : बाइट ऑर्डरचा दोष नेमका कुठे आहे ते शोधण्याची पद्धत

डिझेल ट्रक न्यूट्रलमध्ये उभा आहे, डॅशबोर्डवरचा काटा आठशेच्या जरा वर आहे आणि लॅपटॉपवर इंजिनाचा वेग १६६७ आरपीएम दिसतोय. आकडा वेडावाकडा असता तर लगेच शंका आली असती. १६६७ मात्र अगदी खरा वाटतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यात टेस्टिंगच्या कामावर किंवा हिंजवडीत टेलिमॅटिक्सच्या टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाने ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी.

गाडीतली नियंत्रण-यंत्रं (ईसीयू) कॅन बस नावाच्या सामायिक वायरवरून एकमेकांना फ्रेम, म्हणजे आयडी आणि काही बाइट डेटा असलेले छोटे संदेश, पाठवतात. त्या वेळच्या फ्रेममध्ये वेगाचे दोन बाइट होते : ३४ १९. (बाइट आणि आयडी या लेखात सगळीकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दिले आहेत, बाकी आकडे दशमानात.) ट्रक-बसमध्ये चालणाऱ्या जे१९३९ प्रोटोकॉलमध्ये लहान किमतीचा बाइट आधी येतो, म्हणून खरी संख्या हेक्स १९३४, म्हणजे ६४५२. त्याला ०.१२५ ने गुणलं की ८०६.५ आरपीएम. डीकोडरने तेच दोन बाइट सरळ ३४१९ असे वाचले, १३३३७ झाले आणि १६६७.१२५ मिळाले.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असा पर्याय आला तेव्हाचा वादही मुळात हाच होता : मोठा भाग आधी सांगायचा की लहान? मोठा आधी म्हणजे बिग एंडियन, ऑटोमोटिव्हच्या बोलीत मोटोरोला. लहान आधी म्हणजे लिटल एंडियन, अर्थात इंटेल.

आकडा उलटा दिसला की बरेच जण कोडमध्ये एक स्वॅप (बाइटांची अदलाबदल) टाकतात, आकडा जुळला की पुढे जातात. असं करू नका. क्रम बदलू शकतो अशा तीन स्वतंत्र जागा आहेत : कॅप्चर फाइलमधला आयडी, कंट्रोलरच्या रजिस्टरमधून बाहेर काढलेला डेटा, आणि डीबीसी फाइलमधली (कोणत्या बिटांतून कोणता आकडा काढायचा ते सांगणाऱ्या फाइलमधली) सिग्नलची व्याख्या. चुकीच्या जागी टाकलेला स्वॅप एक सिग्नल दुरुस्त करतो आणि बाकीचे बिघडवतो. म्हणून खालून वर, एकेक जागा तपासत जायचं.

वायर निर्दोष आहे हे आधी मान्य करा

कॅन बसवर बाइट नेहमी ठरलेल्या क्रमानेच जातात : बाइट ० आधी, आणि प्रत्येक बाइटचा सर्वांत मोठा बिट आधी. इंटेल-मोटोरोला हा भेद वायरवर नसतोच. तो दोन ईसीयूंमधला करार आहे, कोणते बाइट जोडून कशी संख्या करायची याचा. शिवाय प्रत्येक फ्रेमला सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा तपासणी-आकडा, असतो. टर्मिनेशन (केबलच्या टोकांचे रेझिस्टर) चुकलं किंवा बिटरेट चुकला तर एरर फ्रेम येतात नाहीतर काहीच येत नाही, पण बाइटांची अदलाबदल होत नाही. फ्रेम येत असतील तर बाइट ऑर्डरसाठी केबल बदलण्यात वेळ घालवू नका.

जोडणी थोडक्यात अशी. ओबीडी, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या, कनेक्टरवर पिन ६ कॅन हाय, १४ कॅन लो, ४ आणि ५ ग्राउंड. पिन १६ वर थेट बॅटरी असते, तिला अ‍ॅडॅप्टरची सिग्नल वायर लागू देऊ नका. इग्निशन बंद करून ६ आणि १४ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा : साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर नाही. अ‍ॅडॅप्टर लावल्यावर ४० आले तर त्यावरचा १२० ओहमचा जंपर चालू राहिलाय, तो काढा. टेबलावरच्या चाचणीसाठी १२० ओहमचे दोन रेझिस्टर लागतील. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतात. कारसाठी बिटरेट बहुतेक वेळा ५०० केबीपीएस, जे१९३९ ट्रकसाठी २५०. आणि इंटरफेस चालू करताना लिसन-ओन्ली मोड लावायचाच. ऐकायला बसलेल्या यंत्राने गाडीच्या बसवर एक बिटसुद्धा पाठवता कामा नये, अगदी फ्रेम मिळाल्याची पोच म्हणून जाणारा अ‍ॅकसुद्धा नाही.

पायरी १ : उत्तर माहीत असलेली फ्रेम पाठवून बघा

गाडीकडे जाण्याआधी हे टेबलावरच करा. लिनक्समध्ये सॉकेटकॅन, म्हणजे कॅन हाताळणारी व्यवस्था, कर्नलमध्येच असते, आणि त्यात व्हीकॅन नावाचा आभासी इंटरफेस तयार करता येतो. तो चालू करा, एका टर्मिनलमध्ये कॅनडंप (आलेल्या फ्रेम छापणारी आज्ञा) लावा, शेजारी वायरशार्क या कॅप्चर-प्रोग्रामने त्याच इंटरफेसचं कॅप्चर सुरू करा आणि कॅनसेंडने ही एक फ्रेम सोडा : आयडी १२३, डेटा ११ २२ ३३ ४४ ५५ ६६ ७७ ८८.

हा डेटा मुद्दाम असा निवडला आहे. कोणताही बाइट दुसऱ्यासारखा नाही, त्यामुळे कोण कुठे सरकला ते पाहताक्षणी दिसतं. शून्यांनी भरलेली फ्रेम किंवा सगळीकडे एफएफ असलेली फ्रेम उलटी केली तरी तशीच दिसते. अशी फ्रेम घेऊन काहीच सिद्ध होत नाही.

कॅनडंपला डॅश मोठा एस हा पर्याय दिला असेल तर तो डेटा छापतानाच उलटा छापतो, आणि खूण म्हणून बाइटांमध्ये बॅकटिक (`) टाकतो. दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट हाती आली असेल तर तिच्यात हा पर्याय आहे का ते आधी पाहा. तो केवळ छपाईचा पर्याय आहे, डेटा बिघडलेला नसतो.

पायरी २ : आयडी तपासा

आता वायरशार्कच्या खालच्या हेक्स खिडकीत बघा. पीकॅप (कॅप्चर) फाइलचा लिंक-टाइप २२७, म्हणजे सॉकेटकॅन असेल, तर पॅकेटची सुरुवात अशी दिसली पाहिजे :

०० ०० ०१ २३ ०८ ०० ०० ०० ११ २२ ३३ ४४ …

पहिले चार बाइट आयडी आणि फ्लॅगचे, त्यांचा क्रम बिग एंडियन. पुढे लांबी ८, मग साध्या कॅन फ्रेममध्ये शून्य असणारे तीन बाइट, मग डेटा. सुरुवात २३ ०१ ०० ०० अशी असेल तर ज्या प्रोग्रामने ही फाइल लिहिली त्याने आयडी आपल्या प्रोसेसरच्या क्रमाने, म्हणजे लिटल एंडियन, लिहून टाकला आहे. सॉकेटकॅनच्या सी स्ट्रक्चरमध्ये आयडी यजमान मशीनच्या क्रमाने असतो, आणि ते स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतलं की नेमकं हेच होतं. सगळ्या इंटरफेसांचं एकत्र कॅप्चर घेतानाही या मुद्द्यावर लक्ष ठेवा; शक्यतो एकाच कॅन इंटरफेसचं वेगळं कॅप्चर घ्या.

हा दोष ओळखायला नवखे चुकतात, कारण तो 'उलटा आयडी' म्हणून समोर येतच नाही. त्या ३२ बिटांतले वरचे तीन बिट फ्लॅग असतात : बिट ३१ एक्स्टेंडेड, ३० रिमोट रिक्वेस्ट, २९ एरर. आयडी उलटा झाला की त्याचा शेवटचा बाइट या फ्लॅगांच्या जागी जाऊन बसतो. मग पुढचे प्रकार दिसतात.

आयडी १२३ चा होतो २३०१००००. सर्वांत वरचा बाइट २३, म्हणजे दुमानात ००१० ००११, बिट २९ लागलेला. वायरशार्क म्हणतो, ही एरर फ्रेम आहे.

आयडी ४५६ चा होतो ५६०४००००. बिट ३० लागला. रिमोट फ्रेम दिसते, आणि खालचे अकरा बिट शून्य असल्यामुळे आयडीही शून्य.

आयडी २८० चा होतो ८००२००००. बिट ३१ लागला, म्हणून ११ बिटांची साधी फ्रेम २९ बिटांची एक्स्टेंडेड होऊन बसते, आयडी २००००.

ट्रकवर उलट गंमत होते. इंजिनाच्या वेगाची जे१९३९ फ्रेम, आयडी ०सीएफ००४००, फाइलमध्ये एक्स्टेंडेड बिटासह ८सी एफ० ०४ ०० अशी हवी. ती उलटी वाचली की एक्स्टेंडेड बिट नाहीसा होतो आणि ११ बिटांची ०८सी अशी फ्रेम दिसू लागते. संपूर्ण ट्रकवर एकही २९ बिटांची फ्रेम नाही असं लॉग सांगत असेल तर प्रोटोकॉलबद्दल तर्क करत बसू नका, फाइलचे पहिले चार बाइट बघा.

तर नियम असा : निरोगी गाडीच्या लॉगमध्ये अचानक एरर फ्रेम, रिमोट फ्रेम आणि शून्य आयडी यांची गर्दी दिसली, पण डेटाचे बाइट मात्र नीटनेटके असतील, तर आयडीचा क्रम उलटा आहे. खऱ्या बस एररमध्ये डेटा असा शहाण्यासारखा राहत नाही. खात्री झाली की वायरशार्कच्या प्रेफरन्सेसमध्ये, प्रोटोकॉल्सच्या यादीत, सॉकेटकॅनखाली आयडी-फ्लॅग बाइट-स्वॅप करण्याचा चौकोन आहे तो लावून फाइल वाचता येते. पण हे मलम झालं. फाइल लिहिणारा प्रोग्राम तुमच्या हातात असेल तर तिथे आयडी नेटवर्क क्रमात लिहा आणि तो चौकोन परत काढून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी बरोबर फाइल उघडाल आणि ती उलटी दिसेल.

पायरी ३ : कंट्रोलरने डेटा कसा दिला ते बघा

लॅपटॉपला लावायचा तयार यूएसबी-कॅन अ‍ॅडॅप्टर असेल तर ही पायरी झटकन पार होते. स्वतःच्या मायक्रोकंट्रोलरवर लॉगर बनवला असेल तर मात्र बहुतेक घोळ इथेच असतो.

एसटीएम३२ च्या बीएक्सकॅन कंट्रोलरमध्ये डेटा दोन ३२ बिटांच्या रजिस्टरांत येतो आणि बाइट ० सर्वांत खालच्या आठ बिटांत असतो. वरची चाचणी-फ्रेम आली आणि पहिलं रजिस्टर थेट हेक्समध्ये छापलं तर ४४३३२२११ दिसेल. काहीही उलटलेलं नाही. संख्या म्हणून छापल्यामुळे मोठा बाइट आधी दिसतो, एवढंच. एनएक्सपीच्या फ्लेक्सकॅनमध्ये नेमकी उलटी रचना आहे : बाइट ० सर्वांत वरच्या आठ बिटांत. तेच छापल्यावर ११२२३३४४ असं सुंदर दिसतं, पण अशा चिपमधला कॉर्टेक्स-एम प्रोसेसर लिटल एंडियन असल्यामुळे तो शब्द बाइटच्या अ‍ॅरेत कॉपी केला की अ‍ॅरे ४४ ३३ २२ ११ होतो. एका चिपवरून दुसऱ्या चिपवर कोड नेताना हा फरक अनेकांना नडतो. दोन्हीकडे उपाय एकच : उत्पादकाच्या ड्रायव्हरने दिलेला बाइटचा अ‍ॅरे वापरा, आणि रजिस्टर स्वतः वाचायचंच असेल तर शिफ्ट करून एकेक बाइट वेगळा काढा. रजिस्टरवर पॉइंटर टाकून स्ट्रक्चर वाचू नका.

या दोषाची खूण चार-चार बाइटांचे गट उलटणं ही आहे : ४४ ३३ २२ ११ ८८ ७७ ६६ ५५. सगळे आठ उलटे असतील, म्हणजे ८८ पासून ११ पर्यंत, तर ६४ बिटांची एकच संख्या करून छापली गेली आहे. जोड्या उलट्या असतील, २२ ११ ४४ ३३, तर कोणीतरी १६ बिटांच्या अ‍ॅरेतून डेटा नेला आहे.

गाडीवरच तपासायचं असेल तर सर्वांत चांगली कसोटी व्हीआयएन, म्हणजे चॅसिस नंबर. तो आरसी बुकवर छापलेला असतो, त्यामुळे उत्तर आधीच हातात असतं. वाय-केबल लावून एका टोकाला साधा ओबीडी स्कॅनर जोडा, दुसऱ्याला तुमचा लॉगर, आणि स्कॅनरला व्हीआयएन वाचायला सांगा. गाडी सर्व्हिस ०९ ला (ओबीडीतल्या वाहन-माहितीच्या मागणीला) उत्तर देत असेल तर ७ई८ या आयडीवर पहिली फ्रेम अशी येते :

१० १४ ४९ ०२ ०१ ४डी ४१ ३३

१० १४ म्हणजे एकूण वीस बाइट येणार, आणि हा लांबीचा आकडा मोठा भाग आधी अशा क्रमाने आहे. ४९ ०२ ०१ हे उत्तराचं शीर्षक, उरलेले १७ बाइट चॅसिस नंबरची अक्षरं. ४डी म्हणजे एम, ४१ म्हणजे ए, ३३ म्हणजे ३; मारुती सुझुकीच्या गाड्यांचा नंबर एमए३ ने सुरू होतो, टाटा मोटर्सचा एमएटी ने. अक्षरं एकेका बाइटची असल्यामुळे इथे इंटेल-मोटोरोलाचा वादच नाही : वाचता आली तर लॉगरपर्यंतचा रस्ता स्वच्छ आहे. लॉगमध्ये ०२ ४९ १४ १० ३३ ४१ ४डी ०१ असं दिसलं तर दोष रजिस्टरच्या वाचनात आहे आणि डीबीसीला हात लावायचं कारण नाही. लॉग कोणाला पाठवताना हा नंबर मात्र पुसून टाका.

पायरी ४ : डीबीसीमधली व्याख्या

वरच्या दोन्ही जागा स्वच्छ निघाल्यावरच इथे या. डीबीसीत प्रत्येक सिग्नलच्या ओळीत सुरुवातीचा बिट, उभी रेघ, लांबी, मग ॲटचं चिन्ह आणि एक अंक असतो. अंक १ म्हणजे इंटेल, ० म्हणजे मोटोरोला. हा अंक प्रत्येक सिग्नलचा वेगळा असतो; एकाच फाइलमध्ये, एकाच मेसेजमध्येसुद्धा दोन्ही असू शकतात. म्हणून 'या गाडीची बाइट ऑर्डर कोणती?' हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि संपूर्ण फाइलवर शोधा-बदला चालवणं त्याहून चुकीचं.

खरा घोळ अंकापेक्षा सुरुवातीच्या बिटात असतो. चाचणी-फ्रेममधले बाइट २ आणि ३ घ्या, ३३ ४४. इंटेल म्हणून वाचायचं तर सर्वांत लहान बिट बाइट २ च्या तळाला, म्हणजे सुरुवात १६, लांबी १६, उत्तर हेक्स ४४३३, १७४५९. मोटोरोला म्हणून वाचायचं तर डीबीसीला सर्वांत मोठा बिट लागतो; तो बाइट २ च्या माथ्याला, म्हणजे सुरुवात २३. उत्तर हेक्स ३३४४, १३१२४. पण कंपन्यांच्या एक्सेल मॅट्रिक्समध्ये मोटोरोला सिग्नललाही पुष्कळदा सर्वांत लहान बिटाची जागा लिहिलेली असते, इथे ती २४. तोच २४ डीबीसीत उतरवला की डीकोडर बाइट ३ च्या शेवटच्या बिटापासून सुरू करून बाइट ४ आणि ५ मध्ये घुसतो आणि १०९३१ असं उत्तर देतो, जे ना इंटेलशी जुळतं ना मोटोरोलाशी. दोन्ही अंक लावून पाहिले तरी आकडा बसत नसेल तर सुरुवातीचा बिट कोणत्या पद्धतीने मोजला आहे ते मॅट्रिक्स बनवणाऱ्याला विचारा.

आठ बिटांच्या सिग्नलला बाइट ऑर्डर लागत नाही असं सांगितलं जातं. किमतीपुरतं ते खरं, पण सुरुवातीचा बिट तरीही बदलतो : बाइट १ मधला सिग्नल इंटेलला ८ पासून, मोटोरोलाला १५ पासून.

पायथनच्या कॅनटूल्समधली डंप ही आज्ञा डीबीसीतल्या प्रत्येक मेसेजचा चौकटीचा नकाशा काढून दाखवते, कोणता सिग्नल कोणत्या बिटांवर पसरलाय ते. सिग्नल दोन बाइटांत सलग बसण्याऐवजी जिन्यासारखा तिसऱ्यात उतरलेला दिसला तर सुरुवात चुकली आहे. नव्या माणसाने ही आज्ञा रोज वापरावी.

प्रोटोकॉलप्रमाणे काय अपेक्षित आहे तेही पाठ ठेवा. ओबीडी आणि यूडीएस या तपासणीच्या प्रोटोकॉलांमध्ये मोठा बाइट आधी : इंजिन वेगाच्या ०सी या पीआयडीला, म्हणजे माहिती मागण्याच्या क्रमांकाला, १३ २० असं उत्तर आलं तर हेक्स १३२०, म्हणजे ४८९६, भागिले ४, १२२४ आरपीएम. जे१९३९मध्ये लहान बाइट आधी. त्यातच दुसरा सापळा : जे१९३९च्या कागदावर बाइट १ पासून मोजतात, डीबीसीत ० पासून. इंजिन वेग 'बाइट ४-५' मध्ये आहे म्हणजे डीबीसीत सुरुवात २४, ३२ नव्हे.

पायरी ५ : आलेख काढून खात्री करा

एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. गाडी हवेशीर जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा आणि वेग आठशेपासून दोन हजारांपर्यंत वीसेक सेकंदांत सावकाश चढवा. बरोबर डीकोड झालेला सिग्नल गुळगुळीत चढतो. उलटा सिग्नल करवतीसारखा दिसतो, कारण खरा लहान बाइट मोठ्याच्या जागी बसल्यामुळे त्यातला एकाचा बदल २५६ पट होतो. जे१९३९ मध्ये ०.१२५ चा एक टप्पा ३२ आरपीएमची उडी होऊन दिसतो. ८०६.५ वरून खरा वेग ८०६.७५ झाला तरी उलटा आकडा १६६७ वरून १७३१ वर जातो. डीबीसी हाताशी नसेल तर याच गोष्टीचा उपयोग करा : दोन शेजारच्या बाइटांपैकी जास्त थरथरणारा तो लहान बाइट.

रस्त्यावरची कसोटी वाहनाच्या वेगाची, आणि तिच्यासाठी लॅपटॉपवर दुसरा माणूस हवा. जे१९३९ मध्ये एक टप्पा १/२५६ किमी प्रतितास, म्हणजे मोठा बाइट हाच पूर्ण किलोमीटरचा आकडा. ४०.५ साठी ८० २८ येतं. उलटं वाचलं तर १२८ पेक्षा जरा जास्त. ऑफिसच्या वेळी वाकड-हिंजवडी रस्त्यावर १२८ दिसले की शंकेला जागा उरत नाही.

दोन दोष बाइट ऑर्डरसारखे दिसतात पण तसे नसतात. स्टिअरिंगचा कोन सरळ रेषेत शून्याजवळ असताना एकदम ६५५३.५ वर उडत असेल तर तो चिन्हाचा प्रश्न आहे : ऋण संख्या धन म्हणून वाचली जातेय, डीबीसीत अधिकच्या जागी उणे चिन्ह हवं. आणि आकार बरोबर पण पट्टी चुकीची असेल तर गुणक किंवा ऑफसेट बघा.

दुरुस्ती करताना

एका दोषाला एकच स्वॅप, तोही जिथे दोष आहे तिथेच. लॉगर रजिस्टर उलटं वाचतो आणि डीबीसीही उलटी, अशा दोन चुका एकमेकींना झाकून एक सिग्नल वर्षभर बरोबर दाखवू शकतात. लॉगर बदलला की तो बिघडतो आणि दोष नव्या लॉगरवर येतो. म्हणून लॉगमध्ये डीकोड केलेल्या आकड्यांबरोबर कच्चे बाइट कायम ठेवा, वायरवर आले त्याच क्रमाने. संख्या जोडताना कोडमध्ये क्रम उघड लिहा : पायथनच्या स्ट्रक्टमध्ये 'पेक्षा लहान' चिन्ह लिटल एंडियनसाठी आणि 'पेक्षा मोठे' चिन्ह बिग एंडियनसाठी, काहीच चिन्ह दिलं नाही तर ते त्या मशीनचा क्रम धरतं, वर मधे पॅडिंगही घालू शकतं.

सप्लायरला तक्रार लिहायची झाली तर चार गोष्टी एकत्र पाठवा : कच्च्या फ्रेमची एक ओळ, डीबीसीतली त्या सिग्नलची ओळ, त्या क्षणी डॅशबोर्डवर किंवा स्कॅनरवर दिसलेला आकडा, आणि ११ २२ ३३ पासून ८८ पर्यंतच्या चाचणी-फ्रेमचं तुमच्या लॉगरने लिहिलेलं रूप. या चौथ्या गोष्टीमुळे दोष तुमच्या बाजूला आहे की त्यांच्या, हे पहिल्याच ईमेलमध्ये ठरतं.